गरगरे सरांचं टाकं

गरगरे सर फळ्यासमोर उभे राहून शिकवत नसत. शाळेच्या मागे, जिथे बाकीचे शिक्षक मोटरसायकली लावत, तिथे त्यांनी बैलगाडीचं एक जुनं चाक आडवं करून जमिनीत पुरलेल्या आसावर बसवलं होतं आणि त्यावर फळ्या ठोकल्या होत्या. सर त्यावर मांडी घालून बसत, एखाद्या दांडगट पोराला चाक ढकलायला सांगत आणि गरागरा फिरत गतीचे नियम सांगत. तोंड आमच्याकडे आलं की अर्धं वाक्य, पुन्हा आलं की उरलेलं अर्धं. त्यांचं खरं आडनाव पगारपत्रकावर असेल. सोनाळ्यात ते कुणाला ठाऊक नव्हतं. पोस्टमनसुद्धा गरगरे म्हणूनच हाक मारायचा. एकदा नव्या मुख्याध्यापकांनी भर सभेत ‘आमचे श्री. गरगरे’ अशी त्यांची ओळख करून दिली, तेव्हा ते उठले, सगळ्यांना नमस्कार केला आणि खाली बसले.

मी अकरावीला वरवट बकालहून एसटीनं सोनाळ्याला जायची. पहिल्याच आठवड्यात सरांनी मला आणि संगीता नावाच्या मुलीला चाकावर समोरासमोर बसवलं, माझ्या हातात चेंडू दिला आणि चाक फिरतं ठेवून म्हणाले, फेक तिच्याकडे. मी अगदी नेम धरून फेकला. चेंडू संगीताच्या जवळ जाईपर्यंत उजवीकडे वळला आणि थेट मुख्याध्यापकांच्या स्कूटरवर जाऊन आदळला. दहा वेळा फेकला, दहाही वेळा उजवीकडे. वर्ग हसून लोळायला लागला. मला वाटलं, हात वाकडा आहे आपला.

मग सरांनी मला उतरवलं, जिन्यावर चढून वरून बघायला लावलं आणि चाकावर दुसऱ्या मुलीला बसवलं. वरून बघितलं तर चेंडू दोरीसारखा सरळ जात होता. वळत काहीच नव्हतं. चेंडू वाटेत असताना संगीताच चाकाबरोबर पुढे सरकून जात होती, इतकंच. खालून सर ओरडले, “आता सांग पोरी, कोठं बसून पाहून राह्यली होती तू?” हा प्रश्न त्यांनी आम्हाला दोन वर्षांत किती वेळा विचारला असेल याची गणती नाही. चाकावर बसूनच गणित करायचं असेल तर त्या वळण्याला एक नाव द्यावं लागतं, एक बळ मानावं लागतं, आणि त्याचं नाव कोरिओलिस, हे त्यांनी त्या दिवशी सांगितलं. आणि आपण सगळेच एका चाकावर बसलोय, ते चोवीस तासांत एक फेरा घेतं, म्हणून वारे वळतात, वादळं वळतात, हेही सांगितलं. त्या संध्याकाळी एसटीतून घरी जाताना मी खिडकीबाहेरच्या कपाशीकडे बघत होते आणि पहिल्यांदा मला वाटलं की आपण कुठेतरी आहोत.

सर पाहण्याच्या बाबतीत फार कडक. प्रयोगाच्या वहीत कुणी पुस्तकातला आकडा उतरवला तर ते वही फाडत नसत, ती सगळ्यांसमोर वाचून दाखवत आणि म्हणत, “हे पुस्तकानं पाह्यलं. तू काय पाह्यलं ते सांग.” माझ्या लंबकाचा आकडा एकदा भलताच आला होता. मी तो तसाच लिहिला आणि खाली लिहिलं, चूक कुठे झाली ते कळलं नाही. सरांनी त्या पानावर लाल शाईनं ‘शाबास’ लिहिलं. ते पान मी जपून ठेवलं होतं. आता नाही.

बारावीनंतर माझं शिक्षण थांबणार होतं. आमची भाजीची शेती, वांगी आणि मिरची, घरात तीन बहिणी आणि बाबांचा विचार पक्का. सर एका सकाळी मोपेडवरून आमच्या मळ्यात आले, वांग्यांच्या पोत्यावर बसले आणि तासभर पिकाबद्दलच बोलले. उठताना म्हणाले, “भाऊ, शंभर पोरं पाहतात. पाह्यलं तसंच सांगणारी ही एकटीच हाय. हिले अमरावतीले धाडा.” बाबांनी विचारलं, की एवढं सांगून हिला पोटाला काय मिळणार. सर म्हणाले, ते मला माहीत नाही, पण असं माणूस वाया घालवलं तर पाप लागतं. बाबा पापाला भीत. मी अमरावतीला गेले. आज मी जी काही आहे ती त्या वांग्यांच्या पोत्यावरच्या एका वाक्यामुळे, हे मी नाकारत नाही. म्हणून तर पुढचं सगळं जास्त लागलं.

लग्नाकार्यात सरांना हात धुवायच्या जागेपासून दूर ठेवावं लागे. बेसिनमधलं पाणी पृथ्वीच्या फिरण्यामुळे गोल फिरतं असं कुणीतरी शहाणा बोलायचाच, आणि मग सर खरकट्या हातानं तिथेच उभे. पृथ्वीला एक फेरा मारायला अख्खा दिवस लागतो, तुमचं बेसिन अर्ध्या मिनिटात रिकामं होतं, तेवढ्यात पृथ्वी कूससुद्धा बदलत नाही. पाणी फिरतं ते तुम्ही नळ कसा सोडला, हात कसा हलवला त्यामुळे. मागे रांग तुंबलेली. सुलतानपूरला एका विद्यार्थ्याच्या लग्नात तर नवरदेवाचा मामा ओला हात वर धरून पंधरा मिनिटं ऐकत होता, कारण त्यानंच तो विषय काढला होता. शेवटी काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, त्यांना दंडाला धरून पंगतीकडे नेलं.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू सर मोठ्या गंभीरपणे सांगत. टाकं मोठं असेल, गोल असेल, पाणी दिवस दिवस हालू दिलं नाही आणि तळाच्या बारीक भोकातून अगदी सावकाश सोडलं, तर मात्र पृथ्वीचं फिरणं त्यात दिसतं. आपल्या उत्तरेच्या अर्ध्या गोलावर पाणी डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या उलट, फिरायला लागतं. ध्रुवावर हे जेवढं जाणवेल त्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा आपल्या भागात, म्हणून आपल्याला तिप्पट काळजी घ्यावी लागते. हे पुस्तकात आहे, खोटं नाही. आणि सरांनी सोनाळ्याच्या आपल्या संत्र्याच्या बागेत असं टाकं बांधून घेतलं होतं. चार हात रुंद, सिमेंटचं, आतून काचेसारखं घोटलेलं.

दरवर्षी संक्रांतीच्या सुमारास, वारा पडलेला असताना, त्या टाक्याचा प्रयोग होई. आदल्या दिवशी सकाळी पाणी भरायचं, वर ताडपत्री टाकायची आणि बागेचं फाटक लावून घ्यायचं. त्या चोवीस तासांत तिथे खोकायचीसुद्धा बंदी. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला गाव जमायचं; मुलं, त्यांचे आईबाप, एखादा पत्रकार. सरपंच नारळ फोडायचे, आणि तोही बागेच्या बाहेर, धक्का लागू नये म्हणून. मग सर ताडपत्री काढत, बरोबर मधोमध एक बुचाचा तुकडा ठेवत. त्यात आगपेटीच्या दोन काड्या अधिकच्या चिन्हासारख्या खोचलेल्या. तळातून बाहेर आलेल्या लांब नळीच्या टोकाचं झाकण काढलं की आम्ही सगळे श्वास रोखून बघत असू. बराच वेळ काही नाही. मग त्या काड्या हलायच्या, इतक्या हळू की आधी वाटायचं आपल्याच डोळ्याला पाणी आलंय. आणि मग डावीकडे, नक्की डावीकडे, पाणी फिरायला लागायचं.

प्रयोगाच्या नोंदवहीत दिशा लिहून सही करण्याचं काम माझं होतं. सरांनीच दिलेलं. कारण काय, तर ‘ही पाह्यलं तेच लिहिते.’ अकरावी, बारावी आणि नंतर अमरावतीहून संक्रांतीला घरी आले की, अशी पाच वर्षं मी ‘डावीकडे’ असं लिहून खाली सही केली. प्रयोगाच्या दिवशी मी पहाटेच पोचायची. सर म्हणत, आत जाऊन काकूंजवळ बस, चहा घे, मी तेवढ्यात पाण्याचं तापमान पाहून येतो. काकू चहा देत, मग तिळाची वडी, मग माझ्या बहिणींची चौकशी. मला कधी उठू द्यायच्या नाहीत. मला वाटायचं, माया आहे.

पुढे मी खामगावला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला लागले. नोकरी पक्की झाल्यावर पहिली मागणी केली ती टाक्याची. प्राचार्य चांगले होते, त्यांनी इमारतीमागच्या मोकळ्या जागेत बांधून दिलं. मी मुलांना चाकाचं सांगितलं, चेंडूचं सांगितलं, आणि अभिमानानं सांगितलं की पाणी डावीकडे फिरताना मी स्वतः पाच वेळा पाहिलंय. पहिल्या वेळी माझं पाणी उजवीकडे फिरलं.

दुसऱ्या वेळी डावीकडे, तिसऱ्या वेळी उजवीकडे, चौथ्या वेळी कुठेच नाही; नुसतं खाली गेलं. मी सरांना फोन केला. ते म्हणाले, “तुह्यं पाणी थांबलं नसन अजून. घाई करते तू, ज्योती.” मी दोन दिवस थांबवलं. पुन्हा उजवीकडे. पुन्हा फोन. मग टाक्याचा उतार मोजून घेतला, ताडपत्री दुहेरी केली, मागच्या रस्त्यानं ट्रक जाऊ नयेत म्हणून ट्रकवाल्यांशी भांडले. दोन वर्षं हे चाललं. प्रत्येक फोनला सरांकडे माझी नवी चूक तयार असे. कधी भोक मोठं, कधी ऊन एका बाजूनं, कधी मी झाकण काढताना नळी हलवली असणार. मी वहीत माझ्या चुका लिहीत गेले. वर्गात मागच्या बाकावरून ‘मॅडमले जमत नाही’ असं ऐकू यायला लागलं. सहकाऱ्यांनी टाक्यात मासे सोडायचं सुचवलं. नवरा हसून म्हणायचा, पृथ्वीला सांगून ये एकदा. मी हसत नसे. मला खरोखर वाटायला लागलं होतं की आपला हातच शिकवण्याचा नाही, आणि त्या वर्षी मी राजीनाम्याचा अर्ज लिहून कपाटात ठेवला होता.

तिसऱ्या वर्षी विज्ञान दिनाला आमच्याकडे मोठा कार्यक्रम ठरला. आजूबाजूच्या शाळांची मुलं येणार होती. मी प्राचार्यांना सांगितलं, मी टाक्याचा प्रयोग करते, आणि पाहुणे म्हणून माझ्या सरांना बोलावू. मनात असं होतं की सर जवळ असले की चूक कुठे होते ते त्यांना दिसेल. जमलं तर शिकवत राहायचं, नाही तर अर्ज द्यायचा, एवढं मी ठरवून टाकलं होतं. हे मी सरांनाही सांगितलं. ते आदल्या दिवशी दुपारी आले, टाक्याभोवती हिंडले, सिमेंटवरून हात फिरवला, “मस्त घोटलं” म्हणाले. आमच्याकडेच मुक्कामाला राहिले. तेव्हा ते निवृत्त झालेले, थकलेले, पण जेवताना माझ्या मुलीला ताटातली वाटी फिरवून कोरिओलिस सांगण्याइतके अजून ताजे होते.

सकाळी सहाला उठले तर त्यांची गादी घडी करून ठेवलेली. खिळ्यावरची कॉलेजच्या मागच्या फाटकाची किल्ली नव्हती. मला वाटलं, म्हातारा माणूस, राहवलं नसेल, जरा बघायला गेले असतील. कॉलेज आमच्या घरापासून पाच मिनिटांवर. मी चालत गेले. फाटक उघडंच होतं.

सरांनी ताडपत्री एका बाजूनं दुमडली होती. सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत चढवली होती. कोपरापर्यंत हात पाण्यात घालून ते टाक्याभोवती चालत होते, डावीकडे, अगदी सावकाश, पाण्यावर रेघसुद्धा उमटू न देता. बघताना कळत होतं की हे काम त्यांच्या हाताच्या सवयीचं आहे. एक फेरा पुरा झाला. हात बाहेर काढला, गळ्यातल्या उपरण्याला पुसला, ताडपत्री होती तशी ओढून घेतली. वळले तेव्हा मी दिसले. ते दचकले नाहीत. “झालं,” म्हणाले. “दहापर्यंत वरचं पाणी थांबल्यासारखं दिसते, आतला फेरा राह्यते. आता जमन तुले.”

मला आधी कळलंच नाही. खरंच नाही. मला वाटलं, यात काही शास्त्र असेल जे त्यांनी मला शिकवायचं राहून गेलं. मग पहाटेचा तो चहा आठवला, तिळाची वडी आठवली, आणि काकू मला का उठू देत नव्हत्या ते कळलं. मी विचारलं, “सर, सोनाळ्यालेबी असंच?”

“पयले तीन वर्सं नाई,” ते म्हणाले, आणि टाक्याच्या कडेला बसले. मग सांगितलं. पहिल्या वर्षी उजवीकडे फिरलं. दुसऱ्या वर्षी फिरलंच नाही. तिसऱ्या वर्षी पुन्हा उजवीकडे, आणि जमलेल्या लोकांत हशा पिकला; कुणीतरी विचारलं, सर, पृथ्वी उलटी फिरून राह्यली काय. त्या वर्षी अकरावीच्या शास्त्र शाखेला सातच मुलं आली. चौथ्या वर्षी त्यांनी हात घातला. “पोरं नाचले त्या दिशी,” सर म्हणाले. “एकदा हात घातला, मंग काढता नाई आला.”

मी म्हणाले, “अन् मी दोन वर्सं फोन करून राह्यली ते? तवा काऊन नाई सांगितलं?”

सरांनी पाण्याकडे पाहिलं. पाण्यावर ताडपत्रीच होती. मग म्हणाले, “तुह्या हातानं खरं येईन, असं वाटत होतं मले.”

त्या वाक्यानं तेव्हा माझा राग निवला नाही, उलट भडकला. म्हणजे स्वतःचं खोटं झाकायला माझ्या चुका काढायच्या आणि स्वतःचं खरं व्हायला माझीच वाट बघायची. ज्या डोळ्यांचं त्यांनी माझ्या बापाजवळ कौतुक केलं, तेच डोळे त्यांनी स्वतःच्या खोट्याला साक्षीदार म्हणून वापरले. पाच सह्या. प्रामाणिक पोरगी हवी होती ती कशासाठी, तर खोटं खरं वाटायला. मला बेसिनजवळची त्यांची ती सगळी भाषणं आठवून किळस आली. त्यांना काय बोलले ते मी इथे लिहीत नाही. शिष्यानं गुरूला बोलू नये असं होतं, आणि मी बोलले याचं मला आजही वाईट वाटत नाही.

तुम्हाला वाटेल, मग मी कार्यक्रम रद्द केला. नाही केला. दहा वाजता मांडव भरला होता, सर पहिल्या रांगेत हार घालून बसले होते. मी बूच ठेवलं, नळीचं झाकण काढलं. पाणी झटकन डावीकडे फिरलं, इतक्या जोरात की सोनाळ्याला कधी फिरलं नव्हतं. टाळ्या पडल्या. प्राचार्य माझ्याकडे बघून हसले. मी वहीत ‘डावीकडे’ असं लिहिलं आणि माझ्या हातानं सही केली. सर भाषणाला उठले आणि म्हणाले, माझ्यापेक्षा माझी विद्यार्थिनी पुढे गेली. मी मान खाली घालून ऐकलं. संध्याकाळी त्यांना सोनाळ्याच्या गाडीत बसवून दिलं तेव्हा आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

सोमवारी मी वर्गात सगळं सांगितलं. सरांचं नाव घेतलं, सोनाळ्याचंही सांगितलं. मला वाटलं होतं, मुलं सरांना शिव्या देतील. पूजा नावाची एक मुलगी, कधी न बोलणारी, उठून म्हणाली, “मॅडम, तुमाले सहालेच मालूम झालं होतं. मंग दहाले झाकण कायले काढलं?” मी म्हणाले, भीती वाटली. ती खाली बसली. त्या तासाला पुढे काही शिकवता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पूजा आणि आणखी चारजण टाक्याजवळ आले आणि म्हणाले, आता नीट करू. पोरांनी माझ्याहून बरं डोकं चालवलं. उघड्यावरचं टाकं सोडून त्यांनी जुन्या प्रयोगशाळेच्या बंद खोलीत नवं करून घेतलं, म्हणजे ऊन नाही, वारा नाही. पाणी भरताना नळी मुद्दाम उजवीकडे धरली, म्हणजे भरण्याचा फेरा उरलाच तर तो उलटाच असेल आणि डावीकडे आलं तर त्याचं श्रेय भरण्याला जाणार नाही. वर थर्मोकोलचा जाड थर ठेवला. चोवीस तासांऐवजी तीन तीन दिवस थांबले. खोलीला कुलूप, किल्ली दर वेळी वेगळ्याकडे. त्यात मी नव्हते. मला किल्ली द्यायची नाही असं त्यांनीच ठरवलं, आणि ते बरोबर होतं. वहीत जे आलं ते लिहायचं. उजवीकडे आलं तर उजवीकडे.

ही बातमी सोनाळ्याला पोचायला वेळ लागला नाही. चैत्रात सरांचा फोन आला. ते म्हणाले, “भरवर्गात माह्यं नाव घेतलं तू. मले इचारायचं तरी.” मी म्हणाले, तुम्ही मला कधी विचारलं होतं. मग त्यांनी फोन ठेवला. आमचं शेवटचं बोलणं ते.

पावसाळ्यापर्यंत मुलांचं कधी हे, कधी ते, असंच चाललं होतं. मग हळूहळू त्यांचा हात बसला आणि पाणी एका बाजूला झुकायला लागलं. दिवाळीच्या सुट्टीआधी पूजानं वही माझ्यापुढे ठेवली. शेवटचे अकरा प्रयोग. त्यातले नऊ डावीकडे. काड्या पंधरा मिनिटं स्थिर राहतात आणि मग इतक्या सावकाश वळतात की टाळी वाजवायचं सुचत नाही. मी दोनदा स्वतः समोर बसून पाहिलं. कुणी हात घातलेला नव्हता. पृथ्वीच फिरत होती, खामगावात, बंद खोलीत, आपल्या गतीनं. सरांनी चौथ्या वर्षी हात घातला नसता, आणखी थोडा दम धरला असता, खोली बदलली असती, तर हेच त्यांना दिसलं असतं.

मी वही मिटली, फोन उचलला, सरांचा नंबर काढला आणि लावला नाही. आठवडाभर रोज काढत होते. नंतर काढायचंही सोडलं.

होळीच्या आदल्या दिवशी सर गेले. मी तेराव्याला सोनाळ्याला गेले. काकू ओसरीवर बसल्या होत्या. माझ्याशी बोलतील असं वाटलं नव्हतं, पण त्यांनीच जवळ बसवून घेतलं. म्हणाल्या, खामगावचा कुणी आला की हे एकच विचारायचे, ज्योतीचं पाणी कोणीकडे फिरते. कुणाला सांगता यायचं नाही. काकू त्यांना म्हणायच्या, तुम्हीच फोन करा की. तर म्हणायचे, मी कोणत्या तोंडानं करू, तिचाच येईन. मग काकूंनी मला विचारलं, “कोणीकडे फिरलं, पोरी?”

“डावीकडे,” मी म्हणाले.

“हात न लावता?”

“हात न लावता.”

काकूंनी डोळे मिटले. त्यांच्या ओठांवर काहीतरी आलं, हसू म्हणता येईल असं. मग त्यांनी विचारलं, कधीपासून. मी सांगितलं, दिवाळीपासून. त्यांचा चेहरा उतरला.

“मंग त्याईले काऊन नाई कळवलं?”

परीक्षा होत्या, वेळ मिळाला नाही, असं काहीतरी तोंडावर आलं होतं. मी ते बोलले नाही. म्हणाले, “मुद्दाम नाई कळवलं, काकू.”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखादं माणूस आता कुठे नीट ओळखू आल्यासारखं.

“अखेर त्याईचीच चेली निघाली तू,” त्या म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.